‘खार’ म्हणजे नक्की काय? असल्या प्रश्नांत आयुष्य घालवणारा इंग्रज ‘मोलेसरशास्त्री’

बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ‘खार’ म्हटलं की खाडीकाठची खारट जमीन आठवते. पुण्यातल्या पोराला झाडावरची खार. लोणच्याच्या बरणीत खार असतो, खिशाला खार लागतो आणि एखादा शेजारी आपल्यावर खार खाऊन असतो, तो वेगळाच.

हे सगळं डिक्शनरीत बसवायचं कसं? या भानगडीत २०० वर्षांपूर्वी एक इंग्रज पडला होता. जेम्स थॉमस मोल्सवर्थ.

जन्म १७९५ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरीला म्हणून कोवळ्या वयात भारतात आला. १८१८ ला पेशवाई संपली, मराठी मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि साहेबांना रयतेची भाषा कळेना. मोल्सवर्थने त्याच सुमारास सोलापुरात शब्द टिपायला सुरुवात केली. पुढे सरकारी मंजुरी मिळाली, मदतीला पंडित मिळाले, जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू जोडीला आले. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला.

त्याची पद्धत साधी, पण कष्टाची होती. शब्दापुढे आधी लिंग. ‘ती खार’ की ‘तो खार’, एवढ्यावरच अर्धा गुंता सुटतो. मग मूळ भाषेची खूण. खारट जमीन आणि लोणचं यांचं नातं संस्कृत ‘क्षार’शी, फारसीत मात्र ‘खार’ म्हणजे काटा, आणि मनातला खार तिथूनच आला असं मानतात. अर्थ एकमेकांतून निघालेले असतील तर एकाच नोंदीत १, २, ३ असे आकडे. नातंच नसेल तर तीच अक्षरं पुन्हा लिहून नवी नोंद. आजचे कोशही साधारण हेच करतात.

या कामात त्याची तब्येत ढासळली. १८३६ मध्ये तो मायदेशी गेला. १८५१ ला परत आला आणि कोश पुन्हा तपासायला बसला. १८५७ ची दुसरी आवृत्ती सुमारे ६० हजार शब्दांची झाली. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले.

एक गोष्ट मात्र खटकते. कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि कँडी आहेत, शब्द निवडणारे पंडित नाहीत.

१८७१ मध्ये इंग्लंडमध्ये तो वारला. शिकागो विद्यापीठाने त्याचा कोश ऑनलाइन ठेवलाय, फुकट. ‘खार’ टाइप करून बघा.