उशिरा सापडलेला सूर

सतराव्या वर्षी मी सतार शिकायला गेलो. क्लासमध्ये शेजारी बसणारी मुलगी आठ वर्षांची होती आणि तिची मींड माझ्यापेक्षा कितीतरी सुरेल होती. दीड वर्ष बोटांना घट्टे पाडून घेतल्यावर एके दिवशी गुरुजींनी जवळ बसवून मायेनेच सांगितले की, आनंदासाठी जरूर वाजव, पण वादक होण्याची वेळ टळून गेली आहे. घरी येऊन मी सतारीला गवसणी घातली, ती घातलीच.

त्याच सुट्टीत मामाच्या कपाटात तीन तबकड्यांची एक जाडजूड पेटी हाती लागली. वर एक दाढीवाला तरुण आपल्या बागेत बसलेला, भोवती चार बुटके पुतळे. नाव होते ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’. मामाचा जुना रेकॉर्ड प्लेअर अजून चालू होता. त्या दुपारी जे ऐकले, त्यामुळे त्या माणसाचे चरित्र शोधून वाचावेसे वाटले.

जॉर्ज हॅरिसनचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील बसवर नोकरीला आणि चार भावंडांत हा सर्वांत धाकटा. शाळेच्या बसमध्ये पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली आणि त्याच्यामुळे १९५८ साली जॉर्ज जॉन लेननच्या वाद्यवृंदात शिरला. हाच वृंद पुढे ‘बीटल्स’ म्हणून जगाला ठाऊक झाला. १९६० साली हॅम्बर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवताना याचे वय अठराही नव्हते. तेवढ्यावरून जर्मन अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवले होते!

पुढे कीर्ती आली, पैसा आला. पण घरातल्या धाकट्याची जी गत होते, तीच जॉर्जची वृंदात झाली. गाणी लिहायची ती लेनन-मॅकार्टनी यांनी. एका तबकडीवर जॉर्जच्या वाट्याला एखाददुसरे गाणे, फार तर तीन-चार. बाकीची त्याच्या वहीतच साचत राहिली.

१९६५ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात त्याने प्रथम सतार हाती घेतली. त्याच वर्षी ती ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात वाजली. १९६६ साली लंडनमध्ये पं. रविशंकरांची भेट झाली आणि सप्टेंबरात हा जगप्रसिद्ध गिटारवादक शिष्य म्हणून मुंबईस आला. ताजमहाल हॉटेलात तो नाव लपवून उतरला होता, पण चाहत्यांनी ओळखलेच. गर्दी इतकी वाढली की गुरु-शिष्यांना काश्मीर गाठावे लागले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला, तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी. एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडील कलावंतांबरोबर त्याने शहनाई, संतूर, सतार मुद्रित केली. बीटल्सपैकी कोणाचीही ही पहिली स्वतंत्र तबकडी!

आणि त्याच वर्षी त्याने सतार खाली ठेवली. सतारवादक व्हायचे तर कितीतरी वर्षे आधी बसायला हवे होते, हे त्याला उमगले होते. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसलो होतो.

पण विद्या गेली का? १९६९ च्या अखेरीस एका दौऱ्यात त्याने गिटारचा निराळा बाज उचलला. बोटात काचेची नळी घालायची आणि ती तारेवरून सरकवायची. सूर तुटत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घरंगळत जातो. ही तर मींडच! अमेरिकेतल्या ब्लूजवाल्यांचे हे जुने तंत्र. पण जॉर्जच्या हाती ते गाऊ लागले. त्यात घाई नाही, दिखाऊपणा नाही.

१९७० च्या एप्रिलमध्ये बीटल्स फुटल्याचे जगजाहीर झाले आणि वहीत साचलेल्या गाण्यांना वाट मिळाली. त्याच उन्हाळ्यात आई कर्करोगाने अंथरुणाला खिळली आणि जुलैमध्ये ती गेली. नोव्हेंबरात तीन तबकड्यांचा संच बाहेर पडला. सोबतीला एरिक क्लॅप्टन, ऑर्गनवर बिली प्रेस्टन, नॅशव्हिलचा पीट ड्रेक. चर्चमधले सामुदायिक गायन, अमेरिकन खेड्यांतले लोकसंगीत, रॉक आणि आपले नामस्मरण असे सारे प्रवाह त्यात एकत्र आले. ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये हालेलुया म्हणता म्हणता गाणारे ‘हरे कृष्ण’वर केव्हा येतात, ते कळतही नाही. ज्याला वृंदात कोपरा मिळत होता, त्याचे हे गाणे इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

यशाला गालबोटही लागले. या गाण्याची चाल एका जुन्या गाण्यावरून घेतल्याचा दावा झाला. चाल नकळत उचलली गेली, असा निकाल १९७६ साली न्यायालयाने दिला. ऐकलेले मनात कुठे मुरते आणि कोणत्या रूपाने वर येते, हे कलावंतालाही कळत नसावे. मींड तशीच आली आणि ती चालही.

१ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकरांच्या विनंतीवरून त्याने न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन जलसे केले. प्रारंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांची मैफल झाली. सतार सुटली तरी गुरू सुटला नव्हता. १९९७ साली रविशंकरांच्या ‘चँट्स ऑफ इंडिया’चा निर्माता तोच होता. २९ नोव्हेंबर २००१ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

यंदा आमच्या एकांकिकेचे संगीत माझ्याकडे होते. चाल पेटीवर बांधली, पण पेटीवर मींड निघत नाही. म्हणून व्हायोलिन वाजवणाऱ्या मित्राला मी दोन सुरांमधली ती ओढ गाऊन दाखवली. तिसऱ्या तालमीला ती त्याच्या गजातून नेमकी उतरली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती ओढ मी गुरुजींसमोर बसूनच शिकलो होतो.

वादक मी होणार नाही. गुरुजींचे म्हणणे खरेच होते. पण ते दीड वर्ष वाया गेले, असे मात्र आता म्हणवत नाही. प्रयोगाच्या रात्री घरी येऊन मी सतारीची गवसणी काढली. तारा पार उतरल्या होत्या. त्या लावता लावता पहाट झाली.