हँडल हद्दपार करणारे केटरिंग

जळगाव-धुळ्याच्या कारागिराने जुन्या गाडीचा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, तरी इंजिनाने बॅटरी चार्ज करायची व बॅटरीने इंजिन सुरू करायचे ही जोडणी तीच राहते. ती रूढ केली चार्ल्स केटरिंग यांनी. अमेरिकेतील ओहायो राज्यात २९ ऑगस्ट १८७६ रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अधू दृष्टीमुळे शिक्षण खंडित होऊन विद्युत अभियांत्रिकीची पदवी १९०४ मध्ये मिळाली. पुढे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवले.

त्या काळी गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल उलटले की मनगटे मोडत. कारखानदार बायरन कार्टर यांचा १९०८ मधील मृत्यूही अशाच आघातातून ओढवल्याचे सांगितले जाते. इंजिन फिरवण्यास अवजड विद्युत मोटर लागेल, असा तज्ज्ञांचा समज होता. गल्ल्याच्या यंत्राने केटरिंग यांना वेगळेच शिकवले होते: जोर काही क्षणच लावायचा असेल, तर लहान मोटरही पुरते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हीच मोटर इंजिन सुरू होताच डायनॅमो बनून बॅटरी चार्ज करू लागली. दिवेही त्याच विजेवर लागले.

शिसेयुक्त पेट्रोलही त्यांच्याच प्रयोगशाळेतले. ते मात्र जगाला महागात पडले. १९५८ मध्ये केटरिंग निवर्तले.