बिल रॉबिन्सन : पाय राजाचे, भूमिका नोकराची

१९३५ च्या ‘द लिटल कर्नल’ या अमेरिकन चित्रपटात एक कृष्णवर्णीय नोकर आणि सहा वर्षांची गोरी मुलगी जिन्यावर नाचतात. दोघांनी एकमेकांचा हात धरला, एवढ्यासाठी दक्षिणेकडच्या राज्यांत ते दृश्य कापून चित्रपट दाखवला गेला. ही शिवाशिव आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. मुलगी होती शर्ली टेंपल. नोकर झाले होते बिल रॉबिन्सन, ऊर्फ बोजँगल्स.

रॉबिन्सन यांचा जन्म १८७८ चा, व्हर्जिनियातील रिचमंडचा. आईबाप लहानपणीच गेले. गुलामगिरी भोगलेल्या आजीने वाढवले. पोट भरण्यासाठी हे पोर कोवळ्या वयातच नाचू लागले. त्या काळी व्होडव्हिलच्या रंगमंचावर कृष्णवर्णीयाने एकट्याने उभे राहायचे नाही, जोडीनेच यायचे, असा दंडक होता. रॉबिन्सन यांनी तो मोडला आणि एकट्याच्या बळावर प्रेक्षागृहे भरवली. टॅप नृत्यात टाचा आपटण्याऐवजी पंजांवर नाचण्याची रीत त्यांनी रुजवली. लाकडी तळांचे बूट घालून ते जिना चढत-उतरत, तेव्हा पायरीपायरीतून वेगळा सूर निघे. ब्रॉडवेवरचे मोठे यश मात्र १९२८ साली मिळाले. तेव्हा वय होते पन्नास!

पुढे हॉलीवूडने बोलावले, पण दिले काय? बटलरचा पोशाख. ‘द लिटलेस्ट रिबेल’मध्ये तर मालकाशी इमान राखणारा गुलाम. १९३६ च्या ‘स्विंग टाइम’मध्ये फ्रेड अस्टेअर या गोऱ्या नर्तकाने रॉबिन्सन यांना मानवंदना म्हणून नृत्य केले, तेही तोंडाला काळे फासून. मानवंदनेची ही तऱ्हा! नायकाची भूमिका त्यांना मिळाली ती १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये, लेना हॉर्न यांच्यासोबत. तोवर साठी उलटून गेली होती.

त्यांच्याच समाजातील काहींनी त्यांना ‘अंकल टॉम’, म्हणजे गोऱ्यांचा लाचार, ठरवले. भूमिका लाचारीच्या होत्या, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या लिहिल्या कोणी? दुसरी भूमिका देऊ केली होती कोणी? हा हिशेब आधी स्टुडिओच्या मालकांकडे मागायला हवा. नटाकडे नंतर.

पैसा अफाट मिळवला, जुगारात उडवला, गरजूंना वाटला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते गेले, तेव्हा गाठीशी काही उरले नव्हते. अंत्ययात्रेला मात्र हजारो लोटले.

रिचमंडमधील जॅक्सन वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथल्या एका चौकात मुले जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात हे पाहून रॉबिन्सन यांनी १९३३ साली स्वतःच्या पैशाने वाहतुकीचा सिग्नल बसवून दिला होता. त्याच चौकात १९७३ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यातले रॉबिन्सन पायऱ्या उतरत नाचत आहेत.