‘विदाउट यू’ नेमकं कुणाचं?

‘ब्रेकिंग बॅड’ शेवटपर्यंत पाहिलं असेल, तर शेवटच्या सीनमधलं गाणं आठवत असेलच. वॉल्टर व्हाइट लॅबमध्ये एकटा फिरतोय आणि मागे गिटार सुरू होते. 2013 मध्ये हा एपिसोड आला आणि लोक ते गाणं शोधायला धावले. गाणं ‘बेबी ब्लू’, बँड बॅडफिंगर. ते लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या पीट हॅमला जाऊन तेव्हा 38 वर्षं झाली होती.

पीट वेल्समधल्या स्वान्सीचा, जन्म 1947 चा. तिथल्या आयव्ही प्लेसवरून मित्रांनी बँडचं नाव ठेवलं ‘द आयव्हीज’. पोरं लंडनला गेली, एकाच घरात राहून गाणी करत राहिली आणि 1968 मध्ये थेट बीटल्सच्या ॲपल कंपनीनं त्यांना साइन केलं. पुढच्या वर्षी नाव बदलून बॅडफिंगर झालं. पहिलं मोठं हिट मात्र त्यांचं नव्हतंच. ‘कम अँड गेट इट’ पॉल मॅकार्टनीनं लिहून दिलं, डेमोही स्वतःच केला आणि वाजवायचं ते अगदी तसंच, अशी तंबी दिली. गाणं चाललं, पण ‘बीटल्ससारखा बँड’ हा शिक्का बसला तो बसलाच.

खरं तर पीटकडे स्वतःची गाणी होती. ‘नो मॅटर व्हॉट’, ‘डे आफ्टर डे’, ‘बेबी ब्लू’ ही सगळी 1970 ते 72 या काळात हिट झालेली. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठी कॉन्सर्ट झाली. सुरुवातीला पंडित रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. नंतर एका गाण्याला जॉर्ज हॅरिसन माइकपाशी आला तो फक्त एका साथीदाराला घेऊन. दोन अकूस्टिक गिटार, गाणं ‘हिअर कम्स द सन’. तो साथीदार म्हणजे 24 वर्षांचा पीट. व्हिडिओ जरूर बघा, पोरगा मान खाली घालून किती जपून वाजवतोय!

आता ‘विदाउट यू’. मी हे गाणं कित्येक वर्षं मारिया कॅरीचंच समजत होते. पीटकडे अर्धवट गाणं पडून होतं, बँडमधल्या टॉम इव्हान्सकडे एक कोरस होता. दोघांनी ते जोडलं आणि 1970 च्या ‘नो डाइस’ अल्बममध्ये टाकलं. सिंगल म्हणून काढलंही नाही. हॅरी निल्सननं ते ऐकलं, गायलं आणि 1972 मध्ये अमेरिका-ब्रिटन दोन्हीकडे नंबर वन झालं.

मग पैसा? इथेच सगळी गोम आहे. बँडनं अमेरिकन मॅनेजर स्टॅन पॉलीशी करार केला होता. कमाई कंपनीत जमा होणार आणि पोरांना पगार मिळणार. डिसेंबर 1970 ते ऑक्टोबर 1971 च्या हिशेबात पीटच्या वाट्याला जेमतेम 6 हजार डॉलर, तर मॅनेजमेंटच्या कमिशनचे 75 हजारांवर. पीटनं शंका घ्यायचं टाळलं. माणसावर विश्वास टाकला की टाकला, असा त्याचा स्वभाव. (इंटर्नशिपचं लेटर मीही न वाचताच साइन केलं होतं, त्यामुळे मी काय बोलणार!)

पुढे वॉर्नरशी मोठा करार झाला, पण ॲडव्हान्सच्या पैशांचा हिशेब लागेना. प्रकरण कोर्टात गेलं आणि चांगला चाललेला ‘विश यू वेअर हिअर’ अल्बम 1975 च्या सुरुवातीला दुकानांतून परत मागवला गेला. पगार थांबले. पीटनं नुकतंच घर घेतलं होतं, जोडीदार गरोदर होती. मॅनेजर फोनवर सापडेना. 24 एप्रिल 1975 ला पीटनं आयुष्य संपवलं. अठ्ठाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. शेवटच्या चिठ्ठीत पॉलीचं नाव होतं. मुलगी जन्मली ती साधारण महिन्याभरानं.

टॉम इव्हान्स या धक्क्यातून आणि पैशांच्या भांडणांतून कधी बाहेर आलाच नाही. 1983 मध्ये त्यानंही तोच मार्ग धरला. 1994 मध्ये मारिया कॅरीनं ‘विदाउट यू’ गायलं, ब्रिटनमध्ये ते पुन्हा नंबर वन झालं, आणि तेव्हा ते लिहिणाऱ्या दोघांपैकी एकही उरला नव्हता.

स्वान्सीत आता पीटच्या नावाची निळी पाटी लागली आहे. तीही 2013 मध्येच, ‘बेबी ब्लू’ टीव्हीवर वाजलं त्याच्या काही महिने आधी.