विम्बल्डन जिंकणारा ‘इजिप्शियन’

विम्बल्डनच्या पुरुष एकेरी विजेत्यांच्या यादीत १९५४ सालापुढे इजिप्त हा देश वाचून आम्हीही चकित झालो होतो. जारोस्लाव द्रोब्नी हा काही अरब नव्हे. त्याचा जन्म १९२१ मध्ये प्रागचा. १९४९ ची विम्बल्डन फायनल तो चेकोस्लोव्हाकियाकडून खेळला आणि हरला. त्याच जुलैत तो स्वित्झर्लंडमध्ये खेळत होता. कम्युनिस्ट सरकारचा हुकूम आला, स्पर्धा सोडून परत या. तो परतलाच नाही.

वतन सुटलं, कागदपत्रं नाहीत. इतर देशांची दारं ठोठावून झाली. नागरिकत्व दिलं ते इजिप्तनं. (ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.) इजिप्तचा खेळाडू म्हणून त्यानं १९५१ आणि १९५२ ची फ्रेंच स्पर्धा जिंकली. १९५२ ची विम्बल्डन फायनल मात्र पुन्हा गेली.

त्याच वर्षी कैरोत राजा फारूकची गादी गेली, तरी द्रोब्नी इजिप्तचाच राहिला. १९५४ मध्ये वय ३२, मानांकन अकरावं, आइस हॉकीत डोळ्याला मार बसल्यानं चष्मा. समोर १९ वर्षांचा ऑस्ट्रेलियन केन रोझवॉल. चार सेट चालले, पहिलाच १३-११. द्रोब्नी जिंकला.

१९५९ मध्ये तो ब्रिटिश झाला आणि २००१ मध्ये लंडनमध्येच वारला. यादीत १९५४ पुढे देश आजही इजिप्तच आहे.