थेऊरच्या रमाबाई

१७७२ सालच्या आरंभी मराठी फौजांनी बादशहा शाहआलम यास दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले आणि पाठोपाठ गंगा ओलांडून रोहिलखंडात मुलूखगिरी केली. त्या धास्तीने जून महिन्यात रोहिल्यांनी अवधचा नबाब शुजाउद्दौला याच्याशी चाळीस लक्ष रुपयांचा करार केला. (नबाबाची राजधानी तेव्हा फैजाबादेस होती, आपल्या लखनौस ती १७७५ मध्ये आली.) ज्यांच्या नावाने हा प्रदेश हादरला होता ते श्रीमंत थोरले माधवराव पेशवे त्या वेळी अवघे सत्तावीस वर्षांचे होते व असाध्य व्याधीने जर्जर झाले होते. उत्तरेतील विजयाच्या वार्ता रुग्णशय्येपाशी येत असताना तेथे ज्या बसलेल्या असत, त्या त्यांच्या पत्नी रमाबाई यांची ही कथा आहे.

रमाबाई जोशी घराण्यातील. १७५३ साली, अजाण वयातच, त्यांचा विवाह झाला. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, सोळा वर्षांच्या माधवरावांच्या शिरी पेशवाई आली, आणि पतिसहवास रमाबाईंच्या वाट्यास बेताचाच आला. निजामाशी राक्षसभुवन, हैदरावरील स्वाऱ्या, चुलते राघोबादादांशी धोडप. एक मोहीम संपते न संपते तोच दुसरी. मूलबाळ झाले नाही. सासूबाई गोपिकाबाई पुढे नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या.

माधवरावांचा आजार राजयक्ष्म्याचा, आणि तोही आतड्यांचा. या रोगात पोटात शूळ उठतो, ज्वर हटत नाही, खाल्लेले अंगी लागत नाही आणि धडधाकट देह बघता बघता झिजतो. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ साली दाखविला. पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. आज वेळीच निदान झाल्यास काही महिन्यांच्या औषधोपचाराने हा रोग बहुधा बरा होतो. त्या काळी मात्र वैद्यांची मात्रा, पथ्य आणि देवाचा अंगारा याहून अधिक काही हाती नव्हते. व्रतवैकल्यांत रमाबाईंनी काही उणे ठेवले नाही.

पोटाच्या जुनाट दुखण्याचे शुश्रूषा करणाऱ्यास विशेष जड जाते. अन्नानेच बळ यावयाचे आणि अन्नानेच वेदना व्हावयाच्या, अशा रुग्णापुढे ताट ठेवताना हात कचरतो. चार दिवस बरे गेले की आशा पालवते, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. बदलीच्या गावी, आप्तस्वकीयांपासून दूर, घरातील माणसाचे असे दुखणे ज्यांनी काढले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. माधवरावांचेही असेच झाले. १७७० मध्ये हैदरावरील स्वारी त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवून ते आजारपणामुळे परतले. थोडा उतार पडताच त्याच वर्षी पुन्हा निघाले, आणि मिरजेहून त्यांना मागे फिरावे लागले. स्वभाव तापट, मनात कामाचा ध्यास, आणि शरीर ऐकत नाही. अशा पुरुषाला विश्रांती घ्या असे पत्नीने कोणत्या तोंडाने सांगावे? रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ कादंबरीने हे दांपत्य आपल्या घराघरांत पोहोचविले. तिच्यातील संवाद लेखकाचे आहेत हे खरे; पण त्यामागील यातना खरीच होती.

अखेरच्या दिवसांत माधवराव थेऊरास चिंतामणीच्या सान्निध्यात येऊन राहिले. त्यांच्या इच्छेची नऊ कलमांची यादी १७७२ च्या सप्टेंबरअखेरीची आहे. तीत कर्ज फेडण्याचे कलम आहे, मातोश्रींच्या काशीयात्रेचे आहे, आणि काशी-प्रयाग स्वराज्यात यावे हेही आहे. ही दोन्ही क्षेत्रे आपणांस येथून एका रात्रीच्या प्रवासाइतकीही दूर नाहीत. धाकटे बंधू नारायणराव यांचा हात त्यांनी राघोबादादांच्या हाती दिला. वर्ष पुरे होण्याच्या आतच, ऑगस्ट १७७३ मध्ये, नारायणरावांचा खून झाला.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी, कार्तिक वद्य अष्टमीस, माधवरावांनी देह ठेवला. रमाबाई त्याच दिवशी सती गेल्या. त्यांचे वय तेव्हा पंचविशीच्या आतच होते. लोकांनी त्यांना या एका दिवसासाठी पूजिले. प्रस्तुत लेखकास हे पटत नाही. ती रूढी क्रूर होती आणि १८२९ साली बंगाल इलाख्यात तिला कायद्याने बंदी झाली हे योग्यच झाले. चितेचा तो एक दिवस बाजूस ठेवला तरी त्यापूर्वीची दोन-तीन वर्षे उरतात. औषधाच्या वेळा सांभाळल्या, न खाल्लेली ताटे परत नेली, कण्हणे ऐकत रात्री काढल्या, आणि सकाळी कारभारी मंडळी येण्यापूर्वी चेहरा सावरला. रमाबाईंचे थोरपण आम्ही तेथे पाहतो.

सुटीत पुण्यास जाणाऱ्यांनी सोलापूर रस्त्याने थेऊर अवश्य करावे. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. अष्टविनायकाची यात्रा करणारे बहुतेक लोक चिंतामणीचे दर्शन घेऊन पुढच्या गणपतीस निघतात. रमाबाईंचे वृंदावन नदीकाठी आहे. तेथवर चालत जाण्यास फार वेळ लागत नाही.