चांभारगोंद्याची ठेव : मालोजीराजे भोसले

वेरूळच्या भोसल्यांचे नाव निघाले असता श्रीगोंद्याचे स्मरण सहसा कोणास होत नाही. परंतु श्रीशिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांच्या चरित्रातील एक महत्त्वाचे प्रकरण याच गावी, म्हणजे त्या काळच्या चांभारगोंद्यास, घडले असे बखरी सांगतात. घरावर अकल्पित प्रसंग आला असता कर्त्या पुरुषाने पैशाची व्यवस्था कशी लाविली हे त्यातून दिसते. म्हणून ज्ञातिबांधवांपुढे तेवढाच भाग विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

बाबाजी भोसले यांचे मालोजी व विठोजी हे दोन पुत्र. फलटणच्या नाईक-निंबाळकरांची कन्या उमाबाई ही मालोजीरावांची पत्नी. अहमदनगरच्या शहाशरीफ पिराच्या नवसाने झालेल्या पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेविली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. बखरकारांच्या मते दोघे बंधू त्या वेळी सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या पदरी होते. रंगपंचमीच्या दिवशी शहाजी व जिजा यांचा जोडा शोभतो असे जाधवराव सहज बोलून गेले आणि मालोजीरावांनी तो शब्द भरसभेत धरिला. जाधवरावांच्या घरात ते रुचले नाही. थट्टेच्या एका शब्दापायी दोघांची चाकरी गेली. ते वेरूळास परतले आणि शेती करू लागले.

पुढे भवानीच्या दृष्टांताने मालोजीरावांस वारुळात द्रव्य सापडले, असे कथा सांगते. काही इतिहासकारांनी हा पैसा लुटीचा असावा अशीही शंका घेतली आहे. आम्हास या वादात पडावयाचे नाही. पैसा कोठून आला याहून तो आल्यावर काय केले, हेच आम्हास अधिक विचारणीय वाटते. आदल्या दिवसापर्यंत नांगर धरणाऱ्या घरात एकाएकी सोने आले, तर त्यावर सरकारचा डोळा, चोरांचा डोळा आणि (लिहावयास संकोच वाटतो) सोयऱ्यांचाही डोळा! मालोजीरावांनी ते घरात पुरून ठेविले नाही. चांभारगोंद्याचे सावकार शेषाप्पा नाईक पुंडे यांच्याकडे त्यांनी ते ठेव म्हणून ठेविले. त्या काळी सावकाराची पत हीच तिजोरी होती. आणि वेरूळाहून इतक्या दूर असलेल्या गावी ठेव ठेवावयाची, तर माणसाची पारखही तशीच हवी. त्या द्रव्यातून प्रथम घोडी व शिलेदार उभे राहिले, म्हणजे गेलेली चाकरी स्वतःच्या बळावर परत मिळविण्याचे साधन झाले. निजामशाहीत त्यांस पंचहजारी मनसब व पुणे-सुप्याची जहागीर मिळाली, आणि जाधवरावांशी सोयरीकही जमली.

हाती ऐश्वर्य आल्यावर त्यांनी वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. शिखर शिंगणापुरी यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, तेथे तळे बांधिले. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांना त्यांनी गुरू मानिले व तेथे मठास आश्रय दिला, असेही परंपरा सांगते.

मग दुसरा घाला आला. इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे पडले. शिवभारताप्रमाणे शहाजी त्या वेळी जेमतेम पाच वर्षांचे होते आणि शरीफजी त्यांहून लहान. अशा वेळी किती घरांची वाताहत होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. विठोजींना स्वतःचे आठ पुत्र होते. तरीही त्यांनी पुतण्यांची जहागीर पुतण्यांच्या नावे राखिली, निजामशहाकडून ती कायम करून घेतली व कारभार स्वतः वाहिला. ठेव सांभाळणे ते हेच, असे आम्हास वाटते. चांभारगोंद्याच्या सावकाराने सांभाळिली ती द्रव्याची, विठोजींनी सांभाळिली ती पोरक्या मुलांची.

चुलत भावांत पुढे बेबनाव झाला, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही; परंतु तो विठोजींच्या माघारी. सन १६२४ मध्ये नगरनजीक भातवडीस निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे लढले, तेव्हा विठोजींचे पुत्र त्यांच्याच फळीत होते. शरीफजी त्याच रणांगणावर पडले.